माणसाला पाट देणारा शिल्पकार

रत्नागिरीत आमच्या आळीत आजोबांची गणपतीची शाळा होती. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की गणपती जिथे घडतात त्या जागेला आमच्याकडे कारखाना म्हणत नाहीत, शाळा म्हणतात. आषाढ सरत आला की घरोघरचे पाट शाळेत येऊन पडत. पाटाच्या मागच्या बाजूला खडूने घराचे नाव आणि मूर्तीची उंची लिहिली की नोंद पुरी झाली. त्याच पाटावर मूर्ती उभी राहायची, आणि तोच पाट डोक्यावर घेऊन माणसे भर पावसात गणपती घरी न्यायची.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. एका दुपारी उरलेल्या मातीची मी एक मासेवाली केली. आमच्या आळीत रोज सकाळी येणारी, डोक्यावर पाटी, एक हात कमरेवर आणि मान किंचित कललेली. माझ्या मते ती हुबेहूब साधली होती. कौतुक व्हावे म्हणून एका रिकाम्या पाटावर ती ठेवली आणि आजोबांची वाट पाहत बसलो. आजोबा आले, त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली. रागावले मुळीच नाहीत. शांतपणे उचलली, पाण्याचा हात लावून मळली आणि मातीच्या ढिगात परत टाकली. पाट देवाचा असतो, माणसाचा नव्हे, एवढे त्यांनी मला समजावले. मूर्ती मोडल्याचे दुःख मला दोन दिवस पुरले. पण त्यांचे म्हणणे मात्र मनात पक्के बसले. पुढे मी चित्रकलेचा शिक्षक झालो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुलांकडून माठ, तांब्या आणि केळी काढून घेत राहिलो. माणूस घडवण्याच्या वाटेला पुन्हा गेलो नाही.

हे सारे आठवायचे कारण सासवणे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला जाणे झाले. तिथून मांडव्याच्या बाजूला, किहीम आणि आवास मागे टाकून पुढे गेले की सासवणे लागते. नारळी-पोफळीच्या सावलीतले, हाकेच्या अंतरावर समुद्र असलेले, आमच्या बाजूच्या कोणत्याही गावासारखे गाव. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचे घर आहे आणि घरच्या मंडळींनी त्याचे शिल्पालय करून ते लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवले आहे. मी गेलो तो पुण्यातल्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या कर्त्याचे घर पाहायला. भेटली मात्र अंगणातली माणसेच, आणि एक म्हैसही.

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ चा, याच सासवण्यातला. तेव्हा हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई, रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. घर शेतकऱ्याचे, पण गणपतीच्या मूर्ती घडवण्याची रीत घरात होती. म्हणजे मातीशी ओळख जन्माचीच. माझी होती तशीच. फरक पडला तो पुढे. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचे चित्र काढले. ते चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले. भिंती खराब केल्या म्हणून मुलाला बोलणी बसण्याचाच तो काळ. पण साहेबाने चौकशी केली, मुलाला बोलावले आणि त्याची रवानगी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्हावी अशी व्यवस्था केली. हे रॉथफील्ड चित्रांचे दर्दी गृहस्थ होते. हिंदुस्थानातील स्त्रियांवर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाची चित्रे रावबहादूर धुरंधरांनी काढली आहेत. खेड्यातल्या भिंतीवरची रेघ ओळखण्याची नजर त्यांना होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

जे. जे. मध्ये करमरकर शिल्पकलेकडे वळले आणि तिथला मानाचा मेयो पुरस्कार मिळवून बाहेर पडले. त्या संस्थेत तेव्हा एक दंतकथाच वावरत होती. १८९६ च्या सुमारास गणपतराव म्हात्रे या तरुण विद्यार्थ्याने पूजेला निघालेल्या एका महाराष्ट्रीय स्त्रीची मूर्ती प्लॅस्टरमध्ये घडवली होती, तीच ती मंदिरपथगामिनी. साडी नेसलेली आपल्यातली बाई ग्रीक देवतेच्या तोलाची दिसू शकते, हे म्हात्र्यांनी त्या पिढीला दाखवून दिले. तरीही ती देवळाच्या वाटेवरची, घरंदाज स्त्री होती. मासळीबाजाराच्या वाटेवरच्या बाईला अजून थांबायचे होते.

पुढचा टप्पा कलकत्त्याचा. १९१६ मध्ये सुरेंद्रनाथ ठाकूर यांनी करमरकरांना तिकडे नेले. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांचे वडील सत्येंद्रनाथ आय. सी. एस. होऊन मुंबई इलाख्यात अधिकारी होते, आणि साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे या घराण्याला मराठी मुलूख परका नव्हता. कलकत्त्यात त्या वेळी वारे वेगळेच वाहत होते. अवनींद्रनाथांच्या प्रभावाने तिथले चित्रकार युरोपीय वास्तववादाकडे पाठ फिरवून अजिंठा आणि मोगल लघुचित्रांकडे वळले होते. हाडामांसाचा हुबेहूब माणूस घडवणे हे तिथे मागासलेपणाचे लक्षण ठरू लागले होते. करमरकर त्या वाऱ्यात राहिले, ठाकूर घराण्याचा स्नेह त्यांनी मिळवला, पण आपली वाट सोडली नाही. समोरचा माणूस जसा आहे तसा पाहायचा, त्याच्या खांद्याचा उतार आणि गळ्याची शीर चुकवायची नाही, हा त्यांचा धर्म. १९२० मध्ये ते लंडनला गेले, रॉयल अॅकॅडमीत शिकले आणि तीच विद्या आणखी पारखून परतले.

त्यानंतरचे त्यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा पुतळा. या स्मारकाची कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली, आणि अवघ्या काही महिन्यांत, मे १९२२ मध्ये, शाहू महाराज गेले. पुढे राजाराम महाराजांच्या काळात हे काम करमरकरांच्या हातून पुरे झाले. पुतळा साडेतेरा फूट उंच, वजनाने आठ टनांच्या घरातला, आणि एकसंध ओतलेला. हे ओतकाम झाले माझगाव डॉकमध्ये.

एकसंध या शब्दातली जोखीम आपल्याला सहज जाणवत नाही. एवढा मोठा पुतळा सहसा तुकड्यातुकड्यांनी ओततात. एक तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा करता येतो, आणि मग सारे सांधून वरून घासले की झाले. एकसंध ओतायचे म्हणजे वितळलेला धातू एकाच वेळी घोड्याच्या खुरापासून स्वाराच्या जिरेटोपापर्यंत पोचला पाहिजे. वाटेत कुठे तो थिजला, कुठे हवा कोंडली, तर महिनोन् महिन्यांची मेहनत भंगारात. पण ओतकाम साधले आणि १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. सासवण्याच्या देवळाच्या भिंतीवर मुलाने काढलेले महाराज पुण्यात असे धातूत उभे राहिले. त्या वेळी करमरकर सदतीस वर्षांचेही झाले नव्हते.

या यशानंतर कामांना तोटा राहिला नाही. त्या काळी शिल्पकाराची चूल पुतळ्यांवरच चालायची. संस्थानिक, पुढारी, दानशूर शेटजी आणि त्यांचे दिवंगत वडील, ज्याच्यामागे पैसा किंवा समिती आहे त्याचाच पुतळा व्हायचा. यात करमरकरांचा दोष नाही. संगमरवर आणि ब्राँझ महाग, ओतकाम त्याहून महाग. म्हणजे आजोबांचा नियम थोड्या फरकाने तिथेही लागू होता: पाट देवाचा, नाही तर राजाचा.

सासवण्याच्या अंगणात उभे राहिल्यावर हा नियम मोडलेला दिसतो. इथली शिल्पे कोणा समितीने सांगितलेली नाहीत. इथे मत्स्यगंधा आहे, महाभारतातले नाव घेतलेली पण या किनाऱ्यावरचीच वाटणारी. शंख फुंकणारी आकृती आहे, तिच्या गालातला आणि गळ्यातला ताण पाहताना आपलाच श्वास कोंडतो. कष्टकरी माणसे आहेत, बाया आहेत, पोरे आहेत. आणि ती म्हैस. गोठ्यातून आताच बाहेर आल्यासारखी. मी कोकणातला माणूस, म्हशी जन्मभर पाहिल्या, पण म्हशीच्या पाठीच्या हाडांवरून कातडे कसे ताणलेले असते हे मला त्या म्हशीने दाखवले.

यातली बरीच कामे सिमेंटमधली आहेत. सिमेंट म्हटले की आपल्याला गटार आणि पाण्याची टाकी आठवते. शिल्पकाराला ते गैरसोयीचे, कारण ते लवकर धरते आणि चूक सुधारायला उसंत देत नाही. पण स्वस्त असते. मी तिथल्या पायरीवर बसून विचार केला, की आमच्या कोकणच्या जांभ्या दगडात नाक-डोळे कोरता येत नाहीत, त्याला छिद्रेच फार. संगमरवरात कोळणीला बसवायला पैसे कोण देणार? मग ज्या सिमेंटने घराचे जोते बांधायचे त्यातच घरासमोरचा माणूस उभा करायचा. हा हिशेब करमरकरांनी असाच मांडला असेल असा दावा मी करत नाही. पण ती शिल्पे पाहताना काटकसर कुठेही जाणवत नाही. शिवरायांच्या घोड्याच्या मानेसाठी जेवढे डोळे ताणले, तेवढेच गावच्या म्हशीसाठी ताणलेले दिसतात.

करमरकर १९६७ मध्ये गेले. पुण्याचा पुतळा येणारे-जाणारे ओळखतात, त्याला हार पडतात. पण घडवणाऱ्याचे नाव विचारले तर किती जण सांगतील याची मला शंका आहे. महाराजांचा पुतळा महाराजांचाच राहणार, ते योग्यही आहे. सासवण्यातली ती अनाम माणसे मात्र करमरकरांनी पाहिली म्हणूनच राहिली आहेत. ते नसते तर त्या चेहऱ्यांची कुठलीच खूण मागे उरली नसती.

परतीच्या एस. टी.त मला आजोबांचा राग आला, अनेक वर्षांनी, आणि वडखळ येईपर्यंत तो ओसरलाही. आजोबा चुकले असे आजही मला सरळ म्हणवत नाही. त्यांची मूर्ती मुळात दीड दिवसाने, नाही तर पाच-सात दिवसांनी विसर्जन होण्यासाठीच असायची. माती मातीला मिळायची. त्यांच्या लेखी माझी मासेवाली ढिगात परत जाणे ही शिक्षा नव्हती, ती रीतच होती. करमरकरही अशाच रीतीच्या घरातून आले. पण त्यांच्या वाटेत एक भिंत आली, आणि ती पाहून थांबणारा एक माणूस आला. मी आज शिक्षक म्हणून विचार करतो तेव्हा मला टोचते ते हेच. आजोबांच्या नावाने मी इतकी वर्षे बोट दाखवले, पण माझ्या वर्गातल्या किती भिंती मी न पाहताच पुसायला लावल्या? बाकावर मास्तरांचे चित्र काढले म्हणून किती जणांना बाहेर उभे केले?

त्या दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा माठ-तांब्या बाजूला ठेवून मी मुलांना माती दिली आणि घरातले एक माणूस करायला सांगितले. वर्गात गोंधळ उडाला. देव करू का, असे निम्म्यांनी विचारले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याच्या वहीत माझ्या लाल शेऱ्यांखेरीज फारसे काही नसे, आपली आई केली. विळीवर बसून मासे साफ करणारी. हात शरीरापेक्षा मोठे झाले होते आणि विळी मोडली होती. पण पुढे वाकलेली पाठ, कामाने दमलेली आणि तरीही घाईत असलेली, ती त्याने अचूक पकडली होती. मी त्याला हात लहान करायला सांगणार होतो. सांगितले नाही.

आजोबांच्या शाळेतला एक जुना पाट अजून माझ्या घरी आहे. दुसऱ्या दिवशी तो वर्गात नेला आणि त्या बाईंना त्यावर बसवले.