बाळू पालवणकर : टीमचा खरा खेळाडू

दिघीला सुट्टीत मॅच खेळताना एक कॅच सुटला की आमची अख्खी टीम भांडते. तेव्हा मला बाळू पालवणकर आठवतात. जन्म १८७६ चा. पुण्यात ते पिच रोल करायचे आणि नेटमध्ये इंग्रज साहेबांना तासन्‌तास बॉलिंग टाकायचे. पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना घेतलं खरं, पण दलित म्हणून चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या कपात! तरी मैदानात लक्ष फक्त बॅट्समनवर. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर विकेट्स काढल्या. कॅप्टन मात्र त्यांना केलं नाही. तो मान १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला. १९५५ मध्ये बाळू गेले. मित्रांनो, विकेट हवी पण सोबत चहा नको, याला टीम म्हणायचं का? मेसमध्ये एका टेबलावर बसताना एवढं आठवा.