जुन्या वस्तूंचा जिवलग : दिनकर केळकर

पेण, रोह्याकडच्या जुन्या घरांत अजूनही एखादं पानदान, अत्तरदाणी, नाहीतर तांब्याचा हंडा माळ्यावर पडलेला असतो. घर पाडायला काढलं की तो मोडीत जातो. किलोवर भाव होतो आणि विषय संपतो. अशा वस्तूंमागे जन्मभर फिरलेला माणूस म्हणजे पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर.

जन्म १८९६ चा. घरचा धंदा चष्म्यांचा. शिवाय ते कवी, 'अज्ञातवासी' या नावाने लिहायचे. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला तो कायमचा. जुन्या वस्तूंचे व्यापारी स्वस्तात घेऊन महाग विकतात, त्यात गैर काही नाही, धंदाच तो. केळकरांनी मात्र घेतलं ते ठेवण्यासाठी. गावोगाव फिरले, पदरचे पैसे घातले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्याच नावाने संग्रहालय उभं राहिलं.

त्यांनी काय काय जमवलं बघा! राजेरजवाड्यांच्या तलवारी सगळेच जमवतात. केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, हुक्के, वाद्यं, कोरीव दरवाजे, एवढंच काय, पाय घासायच्या वज्रीसुद्धा जपल्या. बहुतेकांवर कारागिराचं नाव नाही. त्यात हिंदूही असणार, मुसलमानही.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचं काम मस्तानी महालाचं. पहिल्या बाजीरावाने कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या वास्तूचे अवशेष केळकरांनी आणून संग्रहालयात त्याचं दालन उभारलं. मस्तानी १७४० मध्ये गेली, कबर पाबळला आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर पानिपतच्या लढाईत जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. तरी पेशव्यांच्या पुण्यात तिची आठवण सांगणाऱ्या जागा फार थोड्या. त्यातली एक एका ब्राह्मण कवीने हौसेने, मायेने जपली, हे विसरून कसं चालेल?

१९७५ मध्ये केळकरांनी हा सगळा संग्रह, सुमारे वीस हजार वस्तू, महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. बाजारात किती आले असते याचा हिशेब त्यांनी केला नाही. १९८० मध्ये पद्मश्री मिळाली. १९९० मध्ये ते गेले.

संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ आहे. पुण्याला जाणं झालं तर मुलांना घेऊन जा. मस्तानी महालासाठी जरा जास्त वेळ ठेवा.