घटोत्कचाच्या व्हायरल सांगाड्याचं उत्तर २०० वर्षांपूर्वीच देऊन ठेवणारा माणूस : जॉर्ज क्युव्हिए

एक फोटो तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधीतरी येऊन गेला असेल. खोल खड्डा, त्यात आडवा पडलेला अवाढव्य मानवी सांगाडा आणि त्याच्या कवटीशेजारी मुंगीएवढी दिसणारी माणसं. सोबत मजकूर असतो, की उत्तर भारतात उत्खननात हा सांगाडा सापडला, लष्कराने परिसर ताब्यात घेतला आणि हा दुसरा कुणी नसून भीमाचा मुलगा घटोत्कच आहे.

हा फोटो खोटा आहे. २००२ साली फोटो एडिटिंगच्या एका ऑनलाइन स्पर्धेसाठी कॅनडातल्या एका कलाकाराने तो तयार केला होता. मूळ फोटो अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्क इथे २००० साली झालेल्या उत्खननाचा आहे. तिथे राक्षस नव्हे, तर मॅस्टोडॉन नावाचा हत्तीचा लुप्त झालेला नातेवाईक सापडला होता.

गंमत इथेच आहे. मॅस्टोडॉनला हे नाव देणारा शास्त्रज्ञ आणि राक्षसांच्या हाडांच्या कहाण्यांचा सर्वात पद्धतशीर छडा लावणारा शास्त्रज्ञ एकच होता. त्याचं नाव जॉर्ज क्युव्हिए.

कोण होता क्युव्हिए?

क्युव्हिएचा जन्म २३ ऑगस्ट १७६९ रोजी माँबेलियार या गावी झाला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकच्या ताब्यात होतं. घरची परिस्थिती बेताची. मुलगा मात्र ब्यूफाँ या निसर्गतज्ज्ञाचे ग्रंथ वाचण्यात आणि त्यातली चित्रं रंगवण्यात रमलेला. स्टुटगार्टमध्ये शिक्षण झालं, पण नोकरी मिळेना. म्हणून १७८८ मध्ये तो नॉर्मंडीतल्या एका सरदार घराण्यात मुलांना शिकवायला गेला.

पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली. पॅरिसमध्ये माणसांची डोकी उडत असताना हा तरुण समुद्रकिनारी मासे आणि शिंपले कापून त्यांच्या आत काय आहे ते पाहत होता. तिथेच त्याची ओळख पॅरिसहून जीव वाचवून आलेल्या तेसिए या शेतीतज्ज्ञाशी झाली. तेसिएने पॅरिसमधल्या मित्रांना त्याच्याविषयी पत्रं लिहिली आणि १७९५ मध्ये क्युव्हिए तिथल्या राष्ट्रीय निसर्ग संग्रहालयात दाखल झाला.

हत्तींमुळे काय उलगडलं?

१७९६ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने हत्तींवर एक निबंध वाचला. भारतीय आणि आफ्रिकी हत्ती या वेगवेगळ्या जाती आहेत, हे त्याने दात आणि जबड्यांवरून दाखवून दिलं. सायबेरियात सापडणारा मॅमथ या दोघांहून वेगळा आहे आणि तो आज जगात कुठेही जिवंत नाही, असंही सांगितलं.

प्राण्याची अख्खी जात पृथ्वीवरून नाहीशी होऊ शकते, हे तेव्हा बहुतेकांच्या पचनी पडत नव्हतं. पण एकदा ते मान्य केलं, की राक्षसांचं कोडं आपोआप सुटायला लागतं. जमिनीतून प्रचंड हाडं निघत होती हे खरंच होतं. तसा प्राणी आसपास कुणी पाहिलेला नव्हता, हेही खरं. मग ती हाडं कुणाची? लोकांकडे उत्तर तयार होतं : धर्मग्रंथांतल्या आणि दंतकथांतल्या महाकाय माणसांची.

दोन उदाहरणं पाहा. १६१३ मध्ये फ्रान्सच्या दोफिने प्रांतात मोठी हाडं निघाली. एका शल्यवैद्याने ती ट्युटोबोकस नावाच्या प्राचीन राजाची असल्याचं सांगून पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन मांडलं. राजाची उंची म्हणे २५ फूट! १७०५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हडसन नदीच्या खोऱ्यात एक भलामोठा दात मिळाला. तिथल्या ब्रिटिश गव्हर्नरने तो राक्षसाचा दात म्हणून लंडनला पाठवला. तो होता मॅस्टोडॉनचा. व्हायरल फोटोतलं हाइड पार्कही याच खोऱ्यात आहे.

क्युव्हिएची पद्धत साधी होती. शरीराचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी जुळलेला असतो. दात पाहिले की खाणं कळतं, खाण्यावरून जबडा, पोट आणि पाय कसे असतील याचा अंदाज येतो. त्यामुळे हाड किती मोठं आहे, यापेक्षा त्याचा आकार कसा आहे, हे महत्त्वाचं. १८१२ मध्ये आलेल्या जीवाश्मांवरच्या त्याच्या ग्रंथात युरोपभरातल्या अशा राक्षसी हाडांची झाडाझडती आहे. त्यातली बरीच हत्तीच्या कुळातली निघाली.

प्रलयात बुडालेला माणूस

सर्वात नाट्यमय प्रकरण नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरातलं. स्वित्झर्लंडचे डॉक्टर योहान शॉइख्त्सर यांनी १७२६ मध्ये दगडात रुतलेला सुमारे एक मीटरचा सांगाडा जगापुढे आणला होता. नोहाच्या महाप्रलयात बुडून मेलेला हा पापी माणूस, असा त्यांचा दावा होता. पुढे तो दगड हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयाने विकत घेतला.

क्युव्हिएने आधी केवळ चित्र पाहून हा सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी असल्याचं सांगितलं होतं. १८११ मध्ये तो सरकारी कामासाठी हॉलंडला गेला, तेव्हा त्याने दगड कोरून पाहण्याची परवानगी मिळवली. सॅलॅमँडरच्या सांगाड्याचं चित्र शेजारी ठेवलं आणि छिन्नी चालवली. चित्रात जिथे पुढचे पाय होते, तिथेच दगडातून पाय बाहेर आले. हा महाकाय सॅलॅमँडर निघाला. चीन आणि जपानमध्ये त्याचे नातेवाईक आजही जिवंत आहेत.

शिंगवाल्या सैतानाची गोष्ट

क्युव्हिएबद्दल एक किस्सा फार प्रसिद्ध आहे. एका रात्री विद्यार्थ्याने शिंगं आणि खूर लावून, सैतानाच्या वेशात त्याला खाऊन टाकण्याची धमकी दिली. क्युव्हिए म्हणे शांतपणे उत्तरला, की शिंगं आणि खुरं असलेला प्राणी शाकाहारी असतो, तो मला काय खाणार!

किस्सा झकास आहे. पण सांगणाऱ्यागणिक त्याचे तपशील बदलतात, कुठे विद्यार्थी असतो तर कुठे स्वप्न. त्यामुळे घटोत्कचाच्या फोटोला लावलेली कसोटी इथेही लावायला हवी. आवडला म्हणून तो खरा ठरत नाही.

तो चुकलाही

क्युव्हिए अचूक नव्हता. डायनोथेरियम या प्राण्याचे दात पाहून त्याला तो महाकाय टॅपिर वाटला होता. प्रत्यक्षात तोही हत्तीच्याच कुळातला, आणि ट्युटोबोकस राजाची हाडं पुढे याच प्राण्याची मानली गेली. उत्क्रांतीची कल्पनाही त्याने शेवटपर्यंत नाकारली.

पण सर्वात मोठा डाग वेगळा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या खोइखोई समाजातल्या सारा बार्टमन या स्त्रीला युरोपात आणून तिच्या शरीराचं प्रदर्शन मांडलं जात होतं. १८१५ च्या अखेरीस पॅरिसमध्ये तिचा मृत्यू झाला. क्युव्हिएने तिच्या देहाची चिरफाड केली, सांगाडा, मेंदू आणि गुप्तांगं जपून ठेवली आणि आपल्या लेखनात तिची तुलना माकडांशी केली. इतरांच्या दंतकथा हाडांवरून तपासणारा हा माणूस स्वतःच्या समाजाची वंशश्रेष्ठत्वाची दंतकथा मात्र तपासू शकला नाही.

१३ मे १८३२ रोजी क्युव्हिएचं निधन झालं. सहकाऱ्यांनी त्याचंही शवविच्छेदन केलं. मेंदूचं वजन १८०० ग्रॅमहून जास्त भरलं आणि त्याची खूप चर्चा झाली. त्याचं मानाने दफन झालं. सारा बार्टमनचे अवशेष मात्र १९७० च्या दशकापर्यंत पॅरिसच्या संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवलेले होते. नेल्सन मंडेला यांच्या सरकारने केलेल्या मागणीनंतर आणि फ्रान्सने त्यासाठी कायदा केल्यानंतर, २००२ मध्ये ते मायदेशी परतले आणि ९ ऑगस्टला त्यांचं दफन झालं. राक्षसाचा तो खोटा फोटोही त्याच वर्षीचा.

फोटो पुन्हा आला तर?

तीन प्रश्न विचारा. हाड आहे कुठे, म्हणजे कोणत्या संग्रहालयात? ते कुणी तपासलं? आणि आकार सोडला, तर ते माणसाचंच आहे हे कशावरून?

सांगाडा हा कुणाच्या तरी शरीराचा उरलेला भाग असतो, मग तो मॅस्टोडॉनचा असो वा सारा बार्टमनचा. तो खरोखर कुणाचा आहे, हे विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये, एवढं तर आपण करूच शकतो.