कॅम्पबेल साहेब व ठाणे जिल्ह्यातील देवदेवता

मलंगगड, अंबरनाथचे जुने देऊळ किंवा रानातील वारली लोकांचा वाघदेव यांविषयी काही शोधावयाचे झाल्यास अभ्यासू मनुष्य प्रथम मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरातील ठाणे जिल्ह्याचे भाग उघडतो. ते इ. स. १८८२ साली प्रसिद्ध झाले. हे व असे आणखी पुष्कळ भाग ज्यांनी सिद्ध केले, त्या सर जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल यांची हकीकत आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस वाचावयास मिळावी, अशी आमची फार दिवसांची इच्छा होती.

साहेबांचा जन्म इ. स. १८४६ साली स्कॉटलंडात ग्लासगो शहराजवळ झाला. त्यांचे वडील जॉन मॅक्लाउड कॅम्पबेल हे नामांकित पाळक होते. ख्रिस्त निवडलेल्या थोड्यांसाठीच नव्हे, तर सर्व मनुष्यांसाठी मेला, असे त्यांनी शिकविले म्हणून इ. स. १८३१ साली तेथील मंडळीच्या महासभेने त्यांस पाळकपदावरून दूर केले. आज हेच शिक्षण आपण निर्धास्तपणे देतो! मुलगा अशा घरात वाढला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आजोबाही पाळकच होते. त्यांचे गाव स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गेलिक भाषा बोलणाऱ्या मुलुखात होते. ही भाषा प्राचीन केल्ट लोकांच्या भाषांपैकी एक होय. लूग, ब्रिजिद, समुद्राचा स्वामी मनानान अशी केल्टांच्या देवदेवतांची नावे आयर्लंडच्या जुन्या कथांत आढळतात. इ. स. ५६३ साली कोलंबा नावाचा आयरिश साधू आयोना बेटावर उतरला, व त्या किनाऱ्यावर सुवार्ता पसरली. देव गेले, परंतु भय गेले नाही. पुढे हजाराहून अधिक वर्षे लोटली, तरी तेथील शेतकरी सांगत, की हिवाळ्याची म्हातारी देवी समुद्राच्या भोवऱ्यात आपले वस्त्र धुते, आणि पाण्यातील भुताटकीचा घोडा पाठीवर बसणाऱ्यास बुडवितो. आपल्या कोकणात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो असे म्हणतात, त्याची वाचकांस आठवण होईल. रोग जावा म्हणून तेथील लोक विहिरीजवळच्या झाडास चिंध्या बांधीत. बालकास परी नेईल या भीतीने पाळण्याशी लोखंड ठेवीत. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवितात, त्याहून हे निराळे ते काय?

कॅम्पबेल साहेब इ. स. १८६९ साली सरकारी नोकरीवर मुंबईस आले. १८७३ साली गॅझेटियराचे काम त्यांजकडे सोपविण्यात आले, व पुढील सुमारे दहा वर्षे ते त्यातच गढून गेले. जमीन, पीक, बंदरे, जाती, देवस्थाने, सर्व काही त्यात आले. ठाण्याच्या भागांस पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे मोठे साहाय्य झाले. १८८२ साली याच पंडितांनी सोपारे येथील स्तूप उकरून पेटी बाहेर काढली. (सोपारे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ सालापासून ते पालघर जिल्ह्यात आहे.) मात्र गावोगावच्या ज्या साध्या माणसांनी आपल्या देवांची माहिती सांगितली, त्यांची नावे सहसा कोठे आढळत नाहीत, याचे आम्हांस वाईट वाटते.

१८८५ साली साहेबांनी लोकांच्या समजुती व चालीरीती यांच्या मुळाशी असलेल्या भुताखेतांच्या कल्पनेविषयी एक ग्रंथ कच्च्या स्वरूपात छापविला. पुढे १८९४ सालापासून तो एका विद्वन्मान्य मासिकात क्रमशः आला. त्यांचे म्हणणे असे, की लोखंड, मीठ, अग्नी, हळद, धूप, घंटा हे सारे मुळात भुते पळविण्याचे उपाय होत, आणि पुष्कळ धर्मविधी त्यांतूनच निघाले. विशेष हे, की हा न्याय त्यांनी हिंदुस्थानच्याच लोकांस लाविला असे नाही. युरोपातील चाली, चर्चची घंटासुद्धा, त्यांनी त्याच पंक्तीस बसविल्या. सर्वच भक्ती भयापासून निघाली हे आम्हांस मान्य नाही. वारल्यांची धान्यदेवी कणसरी हिची पूजा पाहिली तर तीत भयापेक्षा कृतज्ञताच अधिक दिसते. तथापि जो स्वतःच्या वाडवडिलांसही त्याच तराजूत घालितो, त्याजवर पक्षपाताचा आरोप करिता येत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या घरी उशाखाली विळा सापडला, म्हणजे आमचे काही उपदेशक त्या बाईला चारचौघांत लाजवितात. त्यांनी वरील स्कॉटलंडची हकीकत पुन्हा एकदा वाचावी.

१८९७ साली मुंबईत प्लेगाचा कहर चालू असता प्लेग कमिटीचे अध्यक्षपद साहेबांकडे आले. त्याच वर्षी त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. त्या कामाच्या ओझ्याखाली प्रकृती ढासळून १८९८ साली ते मायदेशी परतले. त्यांनी लग्न केले नव्हते. १९०३ साली रोझनीथ येथे ते वारले. त्यांचे वडीलही १८७२ साली त्याच गावी निवर्तले होते.

भुताखेतांविषयीचा ग्रंथ कच्चाच राहिला. पुढे जॅक्सन साहेबांनी खेड्यांतील शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरे लिहवून घेतली. १९०९ साली नाशिक येथे जॅक्सन यांचा खून झाल्यावर ती टिपणे एन्थोवन साहेबांनी हाती घेतली, व त्यांतील कोकणचा भाग १९१५ साली छापून काढिला.