इन्शुलिनचा हिशेब मांडणारा मधुमेही डॉक्टर

डॉ. रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स १९२२च्या अखेरीस इटलीतील फ्लॉरेन्स शहरी गेले, ते उरलेले थोडे दिवस शांतपणे काढण्यासाठी. वय अवघे तीस. मधुमेहाच्या त्या प्रकारावर उपासमारीसारख्या कडक पथ्याखेरीज इलाज नव्हता, आणि त्या पथ्याने मृत्यू फक्त लांबत असे.

लॉरेन्स यांचा जन्म १८९२ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचा. तेथेच वैद्यकीय शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून ते हिंदुस्थानच्या सरहद्दीवर होते. आमांशाने हैराण होऊन १९१९ मध्ये परतले. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये कानाच्या हाडावरील शस्त्रक्रियेचा सराव करताना हाडाचा कपचा उडून डोळ्यात गेला. जखम चिघळली, तपासण्या झाल्या आणि लघवीत साखर सापडली. शल्यविशारद होण्याचे स्वप्न तेथेच संपले.

टोरांटोत १९२१ मध्ये लागलेला इन्शुलिनचा शोध त्यांच्यापर्यंत पोहोचायला दोन वर्षे लागली. मे १९२३ मध्ये सहकारी डॉ. हॅरिसन यांनी तारेने कळवले की औषध मिळाले आहे, गुण येतो आहे, तातडीने निघा. पायांतील नसा दुबळ्या झालेल्या अवस्थेत लॉरेन्स मोटार हाकत युरोप ओलांडून लंडनला आले. ३१ मे रोजी त्यांना पहिले इंजेक्शन मिळाले.

खरी कसोटी पुढेच होती. इन्शुलिन कमी पडले तर साखर चढते, जास्त झाले तर इतकी उतरते की घाम फुटतो, हात थरथरतात, विचार भरकटतात, माणूस बेशुद्धही पडतो. घरी रक्त तपासण्याची सोय त्या काळी नव्हती. लघवीच्या परीक्षेत चढलेली साखर दिसे, घसरलेली दिसत नसे. उतरत्या साखरेची खूण अंगानेच ओळखायची आणि गोड तोंडात टाकायचे, एवढाच मार्ग. खुद्द डॉक्टरच रोगी असल्याने लॉरेन्स यांना हा प्रश्न पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही.

व्यायामाने इन्शुलिनचा परिणाम वाढतो, हे त्यांनी दाखवले आणि १९२६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. कामाला लागलेले स्नायू रक्तातील साखर झपाट्याने ओढतात. त्यामुळे बसून काम करण्याच्या दिवशी योग्य ठरणारी मात्रा श्रमाच्या दिवशी धोकादायक ठरते. उपाय दोनच: मात्रा आधी कमी करा किंवा खाणे वाढवा.

हे गणित रुग्णाच्या हाती देणे, हे त्यांचे मोठेपण. १९२५ मध्ये आलेले त्यांचे ‘द डायबेटिक लाइफ’ डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी होते. खाण्याचे मोजमाप त्यांनी ‘काळ्या’ आणि ‘लाल’ वाट्यांत बसवले. काळा वाटा म्हणजे दहा ग्रॅम कर्बोदके, लाल वाटा प्रथिने व स्निग्धांचा. दोन्ही मिळून एक ‘ओळ’. आज ही पद्धत किचकट वाटेल, पण जेवण आणि इन्शुलिन यांचा मेळ तिने सामान्य माणसाला घालता येऊ लागला. कादंबरीकार एच. जी. वेल्स हे त्यांचे मधुमेही रुग्ण. दोघांनी १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये मधुमेहींची संघटना उभी केली. १९५० मध्ये लॉरेन्स आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचे पहिले अध्यक्ष झाले. १९६८ मध्ये, पहिल्या इंजेक्शननंतर पंचेचाळीस वर्षांनी, त्यांचे निधन झाले.

इन्शुलिन पंपाचे युग त्यांनी पाहिले नाही. लंडनच्याच गाय्ज हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी त्वचेखाली सतत इन्शुलिन सोडणाऱ्या छोट्या पंपाचे प्रयोग १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. आजचे काही पंप संवेदकाच्या मदतीने साखर घसरणार हे आधी ओळखून पुरवठा थांबवतात. तरीही पंपाला संध्याकाळच्या बॅडमिंटनची आगाऊ खबर नसते. शरीरात आधीच गेलेले इन्शुलिन तो परत घेऊ शकत नाही. म्हणून व्यायामापूर्वी तास-दीड तास पायाभूत पुरवठा डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करावा लागतो. श्रमाचा परिणाम कित्येक तास टिकत असल्याने रात्रीही सावध राहावे लागते. साखर ७०च्या खाली गेलीच, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. पंप लावलेला असला तरी ग्लुकोजची पुडी खिशात लागतेच.