खेळाडूच्या मनाचा शोध घेणारे बॅरन कुबेर्तां



वार्षिक क्रीडास्पर्धांच्या दिवशी मैदानावर एक दृश्य हमखास दिसते. महिनाभर सरावात सर्वांच्या पुढे धावणारा मुलगा शिट्टी वाजायच्या आधी येऊन हळूच सांगतो, ‘सर, पोटात दुखतंय.’ आणि सरावाला रोज कंटाळा करणारी एखादी मुलगी लोक जमलेले पाहून वाऱ्यासारखी धावत सुटते. आदल्या दिवसापासून दोघांच्याही पायांत काही बदल झालेला नसतो. मग बदलते ते काय? पी.टी.चा तास घेताना मला हा प्रश्न अनेकदा पडला. तो सव्वाशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच गृहस्थांनाही पडला होता. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, परिषद भरवली. जगाला मात्र ते दुसऱ्याच कामासाठी माहीत आहेत. ते म्हणजे आधुनिक ऑलिंपिकचे जनक बॅरन पिअर द कुबेर्तां. आपल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्यांचे नाव ‘कुबर्टिन’ असे छापतात, म्हणून ओळखायला थोडा वेळ लागेल.

त्यांचा जन्म १ जानेवारी १८६३ रोजी पॅरिसमध्ये एका जुन्या सरदार घराण्यात झाला. वडील चित्रकार होते. पिअर सात वर्षांचा असताना प्रशियाबरोबरच्या युद्धात फ्रान्सचा दारुण पराभव झाला. आपण का हरलो, हीच चर्चा पुढे कित्येक वर्षे घरोघरी चालू होती. अशा वातावरणात हा मुलगा वाढला. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. घरच्यांना वाटे, मुलाने सैन्यात जावे, नाहीतर वकील व्हावे. दोन्ही वाटा त्याने सोडल्या आणि शिक्षण सुधारायचे असे ठरवले. वीस-बावीस वर्षांच्या श्रीमंत मुलाने शाळांच्या सुधारणेमागे लागणे त्या काळच्या पॅरिसमध्ये विचित्रच वाटले असणार.

१८८३ मध्ये कुबेर्तां इंग्लंडला गेले. रग्बी गावच्या शाळेबद्दल त्यांनी पुस्तकांत वाचले होते, ती शाळा त्यांना डोळ्यांनी पाहायची होती. फ्रान्समधल्या शाळांत तेव्हा मुले दिवसभर बाकावर बसून घोकंपट्टी करीत. मैदान असलेच तर ते रांगेत चालण्यासाठी. रग्बीत त्यांना दिसले की खेळांचा कारभार मुलेच पाहतात. संघ तीच निवडतात, कप्तान तीच ठरवतात, भांडणेही तीच मिटवतात. या पद्धतीचे सारे श्रेय कुबेर्तां यांनी तिथले जुने मुख्याध्यापक थॉमस अर्नोल्ड यांना दिले. अर्नोल्ड १८४२ मध्येच वारले होते, आणि इतिहासकार सांगतात की त्यांना खेळांची एवढी आवड मुळात नव्हतीच. म्हणजे आपल्या मनातला आदर्श कुबेर्तां यांनी अर्नोल्डवर चढवला. पण त्या आदर्शाच्या जोरावर त्यांनी पुढची पन्नास वर्षे काम केले, हेही खरे.

ते स्वतः नुसते लेखक नव्हते. उंचीने लहान, मिशा भरघोस. तलवारबाजी, मुष्टियुद्ध, घोडेस्वारी आणि नौका वल्हवणे हे सगळे ते करीत. १८९२ मध्ये फ्रान्सच्या रग्बी अजिंक्यपद स्पर्धेचा पहिला अंतिम सामना झाला, त्याचे पंच कुबेर्तांच होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सोरबोन विद्यापीठातल्या एका समारंभात त्यांनी प्राचीन ग्रीसमधले ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू करावेत अशी सूचना मांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. काहींना ती थट्टाच वाटली. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. कुबेर्तां यांनी मात्र चूक कुठे झाली याचा विचार केला. लोकांच्या बुद्धीला कल्पना कळली होती, पण मनाची तयारी झाली नव्हती. दीड वर्षाने, जून १८९४ मध्ये, त्यांनी त्याच सोरबोनमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद बोलावली. निमंत्रणात मुख्य विषय होता हौशी खेळाडू कोणाला म्हणावे हा. ऑलिंपिकचा विषय यादीत अगदी शेवटी ठेवला. सुरुवातीच्या समारंभाला सुमारे दोन हजार लोक आले होते. तिथे भाषणांबरोबर गाणेही ठेवले होते. ग्रीसमधल्या डेल्फी इथे आदल्याच वर्षी दगडावर कोरलेले अपोलो देवाचे एक प्राचीन स्तोत्र सापडले होते. गाब्रिएल फोरे या नामांकित संगीतकाराने त्याला साज चढवला आणि ते सभागृहात गायले गेले. दोन हजार वर्षांपूर्वीचे सूर ऐकून सभागृह भारावले. त्यानंतर ऑलिंपिकचा ठराव विनाविरोध मंजूर झाला. माणसाचे मन वळवायची ही हातोटी त्यांच्याकडे होती. मनाविषयी पुढे त्यांनी जे लिहिले त्याची सुरुवात मला इथे दिसते.

एप्रिल १८९६ मध्ये अथेन्सला पहिले सामने झाले आणि नंतर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद कुबेर्तां यांच्याकडे आले. ते १९२५ पर्यंत त्यांच्याकडे होते. १९०० चे पॅरिसचे सामने जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीत हरवून गेले. कित्येक खेळाडूंना आपण ऑलिंपिकमध्ये खेळलो हेसुद्धा नीट माहीत नव्हते. याच वर्षी कुबेर्तां यांनी खेळाच्या मानसशास्त्रावर एक मोठा लेख प्रसिद्ध केला. पुढे १९१३ मध्ये या विषयावरच्या त्यांच्या निबंधांचे पुस्तक निघाले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. खेळ ही माणसाला जन्मजात मिळालेली गोष्ट नाही. प्राणी गरजेपुरतेच श्रम करतो. मांजर उंदीर पकडण्यासाठी झेप घेते, पण उद्या आणखी उंच उडी मारता यावी म्हणून सराव करीत बसत नाही. कमीत कमी कष्टात काम उरकणे हा निसर्गाचा नियम, आणि खेळाडू नेमका त्याच्या उलट वागतो. कोणी मागे लागलेले नसताना तो दमेपर्यंत धावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावतो. ही ओढ स्नायूंतून येत नाही, मनातून येते. म्हणून खेळाचा अभ्यास करायचा तर मनाचा केला पाहिजे. ही ओढ सर्वांत सारखी नसते, हेही त्यांनी मान्य केले होते. एखाद्याचे शरीर धडधाकट असते पण ओढ नसते, तर एखाद्या किरकोळ मुलात ती अशी असते की तो थांबतच नाही.

खेळांचे त्यांनी दोन मोठे गट पाडले, एक तोल सांभाळण्याचे आणि दुसरा झुंजीचे. नौका वल्हवणे, घोडेस्वारी, सायकल, बर्फावरचे स्केटिंग हे तोलाचे. तलवारबाजी, मुष्टियुद्ध हे झुंजीचे. पोहणे आणि गिर्यारोहण यांनाही त्यांनी झुंजीतच धरले, कारण तिथे माणसाची झुंज निसर्गाशी असते. दोन्ही गटांत मनाला वेगवेगळे काम पडते. स्नायूंनाही स्मरणशक्ती असते, असे ते सांगत. लहानपणी शिकलेले पोहणे किंवा सायकल अंगात मुरते आणि भीतीच्या क्षणी विचार न करता आपोआप होते. म्हणून मुलांना लहान वयात थोडे थोडे सगळे खेळ शिकवावेत, असा त्यांचा आग्रह होता.

मे १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांनी खेळाच्या मानसशास्त्रावर आणि शरीरशास्त्रावर परिषद भरवली. मन हा विषय घेऊन भरलेली खेळाची ती पहिलीच मोठी परिषद मानतात. लहानपणी दम्याने बेजार असलेले आणि व्यायामाने शरीर कमावलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही तिच्यासाठी आपला अनुभव लिहून पाठवला होता.

विषय तेव्हा अगदी नवा होता, पण या वाटेवर कुबेर्तां एकटे नव्हते. १८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी सायकल शर्यतींच्या वेळा तपासल्या. एकट्याने सायकल मारणाऱ्यापेक्षा बरोबर दुसरा असला की वेग वाढतो, असे त्यांना आढळले. मग त्यांनी ४० मुलांना मासेमारीच्या गळाचा दोरा गुंडाळायला लावले, कधी एकट्याने तर कधी जोडीने. जोडीने गुंडाळताना २० मुलांचा वेग वाढला, १० मुलांना फारसा फरक पडला नाही आणि १० मुले उत्तेजित होऊन उलट मागे पडली. आमचा पोटात दुखणारा मुलगा त्या शेवटच्या दहांतला. अशी मुले भित्री किंवा आळशी नसतात. पालकांनी मैदानाच्या कडेला उभे राहून मोठमोठ्याने ओरडले की त्यांचे अधिकच बिघडते, हे मी नम्रपणे इथे नोंदवून ठेवतो.

१९१३ मध्येच कुबेर्तां यांनी पाच कड्यांचे चिन्ह रेखाटले. त्याच्या आदल्या वर्षी स्टॉकहोमच्या सामन्यांत साहित्याची स्पर्धा होती. तिच्यात टोपणनावाने पाठवलेल्या त्यांच्याच कवितेला सुवर्णपदक मिळाले. १९१५ मध्ये समितीची कचेरी त्यांनी लोझानला हलवली. महायुद्धात, त्रेपन्नाव्या वर्षी, ते फ्रान्सच्या सैन्यात दाखल झाले. सैनिकाने आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमुखपदी राहणे बरे नव्हे म्हणून अध्यक्षपद तेवढ्यापुरते त्यांनी दुसऱ्याकडे सोपवले.

१९२० चे सामने बेल्जियममध्ये अँटवर्पला झाले. पाच कड्यांचा ध्वज ऑलिंपिकमध्ये फडकला तो तिथेच पहिल्यांदा. आणि बेळगावकरांनो, त्या ध्वजाखाली आपल्या भागातला एक धावपटूही धावला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शेतकऱ्यांची मुले धावताना पाहून सर दोराबजी टाटा यांनी भारतातून खेळाडू पाठवायचे ठरवले. त्या चमूत बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद ही त्यांची वेळ. बोटीचा प्रवास, परका देश, परके अन्न आणि ४२ किलोमीटरपेक्षा लांब अंतर. याच सामन्यांत कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकले. कुबेर्तां तेव्हा समितीचे अध्यक्ष होते.

त्यांची एक गोष्ट मात्र मला पटत नाही, आणि ती मुलींपासून लपवून ठेवणे बरे नव्हे. स्त्रियांनी ऑलिंपिकमध्ये खेळावे हे त्यांना शेवटपर्यंत मान्य नव्हते. १९०० मध्येच काही स्त्रिया टेनिस आणि गोल्फ खेळून गेल्या होत्या, तरी त्यांचे मत बदलले नाही. मुलांच्या मनाचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्या माणसाला निम्म्या जगाचे मन दिसले नाही. स्त्रियांच्या धावण्याच्या शर्यती १९२८ मध्ये, त्यांनी पद सोडल्यावर, सुरू झाल्या. १९३६ च्या बर्लिन सामन्यांच्या थाटाचेही त्यांनी कौतुक केले. त्या थाटामागे हिटलरचे राज्य काय करीत होते, हे त्यांना दिसायला हवे होते.

पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या एका हिशेबाचा पुष्कळ उपयोग केला. शंभर जणांनी व्यायाम करावा असे वाटत असेल तर पन्नास जणांनी खेळ खेळला पाहिजे. पन्नास जणांनी खेळावे तर वीस जणांनी त्यात प्रावीण्य मिळवले पाहिजे, आणि वीस जणांनी प्रावीण्य मिळवावे तर पाच जणांनी थक्क करणारे पराक्रम केले पाहिजेत. मोठा खेळाडू पाहून लहान मुलाला धावावेसे वाटते, हा त्यातला मुद्दा. आमच्या विश्वस्तांपैकी कोणी कधी विचारतात की एका मुलाच्या राज्यस्तरीय स्पर्धेवर एवढा खर्च कशाला. त्यांच्यासाठी हा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे.

घरात मात्र त्यांना सुख लाभले नाही. १८९५ मध्ये मारी रोतां यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलगा लहानपणीच आजारी पडला तो कायमचा अधू झाला, आणि मुलीलाही मनाच्या आजाराने ग्रासले. वडिलोपार्जित संपत्ती ऑलिंपिकच्या कामात आणि फसलेल्या गुंतवणुकींत संपली. उतारवयात लोझान शहराने त्यांना राहायला जागा दिली. तिथल्या सरोवरात ते म्हातारपणीही वल्ही मारीत. नौका वल्हवण्याने मनाचा शीण जातो, असे त्यांनी लिहूनही ठेवले आहे.

२ सप्टेंबर १९३७ रोजी जिनिव्हाच्या एका बागेत फिरत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तिथेच त्यांचे निधन झाले. देह लोझानमध्ये पुरला. हृदय मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे ग्रीसमधल्या ऑलिंपियाला नेऊन १९३८ मध्ये तिथल्या एका संगमरवरी स्तंभात ठेवले. त्यांच्या पत्नी मुलांना सांभाळत पुढे २६ वर्षे जगल्या आणि १९६३ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, वारल्या.