विद्यादानाचा हिशेब मांडणारे दिवाण : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

कृष्णराजसागर धरणाशी विश्वेश्वरय्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिन देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. परंतु म्हैसूर संस्थानात प्राथमिक शिक्षणाचा पाया विस्तारणारे प्रशासक म्हणूनही त्यांचे कार्य तितकेच मोलाचे आहे.

मुद्देनहळ्ळी या खेड्यात जन्मलेल्या विश्वेश्वरय्यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगळुरूत शिकवण्या करून ते पदवीधर झाले. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात त्यांना अभियांत्रिकीचे शिक्षण घेता आले. मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना नाशिक, धुळे आणि पुणे ही त्यांची कर्मभूमी झाली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे व नामदार गोखले यांचा सहवासही त्यांना लाभला.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात मांडले. खर्चाचे दोन वाटे सरकारने आणि एक वाटा स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी त्यात योजना होती. १९१२ साली ते विधेयक फेटाळले गेले. त्याच वर्षी विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले आणि १९१३ साली संस्थानाने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. सक्ती एकदम सर्वत्र न लादता निवडक केंद्रांपासून तिचा आरंभ झाला. आधी पाहणी, मग आराखडा, मग खर्चाची तरतूद आणि शेवटी फलिताची मोजदाद, ही अभियंत्याची शिस्त त्यांनी राज्यकारभारात आणली. संस्थानच्या आर्थिक परिषदेत शेती व उद्योगांच्या बरोबरीने शिक्षणासाठीही स्वतंत्र समिती होती. शिक्षणावरील खर्च ही राज्याची भांडवली गुंतवणूक आहे, असे ते मानीत. त्यांच्या सहा वर्षांच्या कारकिर्दीत शाळांची संख्या दुपटीहून अधिक झाली. १९१६ साली महाराज कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाखाली म्हैसूर विद्यापीठही उभे राहिले.

तथापि शाळा उघडल्याने संधीची विषमता आपोआप मिटत नाही. मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत जागा राखण्याच्या प्रश्नावर त्यांचा महाराजांशी मतभेद झाला. शिक्षणाचा प्रसार व शिष्यवृत्त्या हाच त्यावरील उपाय, असे त्यांचे मत होते. १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर राहिलेल्यांनी शिक्षणाचे फळ येईपर्यंत किती काळ थांबावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या मतात नव्हते.

१९५५ साली ते भारतरत्न झाले आणि वयाची शंभरी ओलांडून १९६२ साली निवर्तले. एका शिष्यवृत्तीने घडविलेल्या या विद्यार्थ्याने राज्याचे ऋण हजारो शाळांच्या रूपाने फेडले. शाळेसाठी दिलेला प्रत्येक रुपया मुलापर्यंत विद्या होऊन पोहोचतो की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहणे, हाच त्यांच्या चरित्राचा आजच्या पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना बोध आहे.